राखेचं तळं आणि आपली बोअर

नांदेड-लातूरच्या वस्त्यांत आपण बोअरचं पाणी पितो. शेजारी परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रांत कोळशाची राख पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. तळ्याला खाली अस्तर नसेल, तर राखेतलं आर्सेनिक, शिसं, बोरॉन भूजलात झिरपू शकतं. असं पाणी नितळ दिसतं. ते उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत.

सांडपाणी सोडायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २५ नुसार संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाकडे असते. ज्याचा संबंध पोहोचतो, तो ती पाहू शकतो. संमतीने बाधा होत असेल, तर आदेश कळल्यापासून ३० दिवसांत कलम २८ खाली अपील करता येतं. तिथे न्याय मिळाला नाही, तर पुण्याचं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे.

तोंडी तक्रार टिकत नाही. जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या, आर्सेनिकची तपासणी मुद्दाम मागा. मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. नमुन्याची तारीख, जागा लिहून ठेवा. अर्जावर पोच घ्या. अहवाल येईपर्यंत त्या बोअरचं पाणी पिऊ नका.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला पाण्याचा हक्क मिळवण्यासाठी सत्याग्रह केला. ते पाणी शुद्ध राखणं आता आपलं काम. जय भीम!