मोटारीचे शॉकअप बदलण्यापूर्वीं

घरांत मोटार आली म्हणजे थोड्याच दिवसांत तरुण मंडळींस तिच्या मूळच्या बांधणींत दोष दिसूं लागतात. ती उंच दिसते, वळणावर कलते. तेव्हां बाजारांत मिळणारा, उंची व कडकपणा कमीजास्त करतां येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड, ज्यास ‘कॉइलओव्हर’ म्हणतात, तो बसवावा, असा आग्रह सुरू होतो. हा आग्रह निव्वळ पोरकट आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु निर्णय चालविणाऱ्याच्या हौशीनें न होतां मागच्या आसनावर बसणाऱ्या मातोश्रींच्या कमरेकडे पाहून व्हावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

स्प्रिंग मोटारीचें वजन पेलते. शॉकअपचें काम निराळें. माजघरांतील झोपाळ्यास एकदां झोका दिला कीं तो थांबविण्यास कोणी तरी पाय टेकावा लागतो. शॉकअप म्हणजे तो टेकलेला पाय होय. पाय हलका पडला तर खड्डा ओलांडल्यावरही मोटार डुलत राहते. फार दाबला तर बारीक खडाही अंगास जाणवतो. घरगुती मोटार सेकंदास सुमारें १ ते १.५ झोके घेते. स्प्रिंगचा ताठपणा दुप्पट केला तर हे प्रमाण सुमारें १.४ पट होतें. बसलेल्या माणसास सेकंदाला ४ ते ८ वेळां होणारे उभे हादरे सर्वांत अधिक बाधतात, आणि ताठ स्प्रिंग नेमके तेच अधिक आंत पोंचविते.

उंची कमी करण्याचा मोह तर सोडूनच द्यावा. पुष्कळ मोटारींचें पोट जमिनीपासून १७० मिलिमीटरच्या आसपास असतें. त्यांतून ३० गेले, वर पांच माणसें व सामान चढलें, कीं काय उरलें? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद सांगितला आहे. आपल्या गल्लींतले गतिरोधक ही रुंदी किती पाळतात, हें वाचक जाणतातच! शिवाय स्वस्त जोडांत स्प्रिंगखालची चकती उतरवून उंची कमी होते, त्याबरोबर शॉकअपचा दांडाही आंत सरकतो व धक्का खाण्याची जागा घटते. ज्यांत खालचें आटेदार कवच फिरवून उंची बदलते, त्यांत दांड्याची चाल शाबूत राहते. पैसे मोजावयाचेच असतील तर या दुसऱ्या जातीसाठीं मोजावे.

आमची निवड मात्र याहून साधी आहे. मूळच्या स्प्रिंगा ठेवून केवळ कमीजास्त होणारे शॉकअप घ्यावे. नेदरलँड्समधील कोनी कारखान्याचे पिवळे शॉकअप या जातीचे आहेत. त्यांत स्प्रिंग परत उलगडतांनाचा विरोध तेवढा बदलतां येतो. तोही बेतानें वाढवावा. फार वाढविला तर चाक खालीं येण्यापूर्वींच दुसरा खड्डा गांठतो, मोटार हळूहळू खालीं बसत जाते आणि चाकाची पकड सुटते. घाट उतरतांना ब्रेक दाबावयाच्या वेळीं हें होणें किती वाईट, तें सांगणें नको. म्हणून सर्वांत मऊ टोकापासून आरंभ करावा, त्याच रस्त्यावर, तितक्याच माणसांनिशीं, एक-एक पायरी वाढवीत जावें आणि प्रत्येक वेळचा अनुभव वहींत टिपावा. मागें बसणारांस विचारण्यास विसरूं नये.

कोंकणांतील मंडळींस एक सूचना. पावसाळ्यांतील चिखल व खारी हवा यांनीं उघडे आटे गंजून जाम होतात. दसऱ्यापूर्वीं ते धुऊन ग्रीस लावावें, नाहीं तर ‘कमीजास्त करतां येणारा’ हा गुण नांवापुरताच राहतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपुस्तकांतील तपशील उत्पादकानें मूळांत दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं हेंच बजाविलें. तेव्हां काम करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. काम झाल्यावर चाकांचें अलाइनमेंट करवून घ्यावें, आणि स्प्रिंगा बसल्यावर, कांहींशे किलोमीटरांनीं, तें पुन्हां तपासावें.