पंचवीस अक्षरांचा ठावठिकाणा

लॅपटॉप उलटा करायचा, बॅटरी काढायची, टॉर्च मारायची. एकानं स्टिकर वाचायचा, दुसऱ्यानं टाइप करायचं. "बी बॉलचा, का आठ?" हा प्रश्न दुकानात किती वेळा विचारला असेल, मोजदाद नाही. विंडोजच्या प्रॉडक्ट कीमध्ये, म्हणजे स्टिकरवरच्या त्या पंचवीस अक्षरांत, शून्य, एक, पाच आणि इंग्रजी स्वर नसतातच, म्हणजे ओ आणि शून्याचा घोळ नको. पण बी आणि आठ, जी आणि सहा ही जोडपी तशीच राहिली. मांडीवर घासून निम्मा पुसलेला स्टिकर असला की त्या जोडप्यांपायी अख्खी दुपार जायची.

विंडोज ९५च्या काळात सगळं सैल होतं. सीडीबरोबरची की दहा आकडी आणि तिची तपासणी तरी काय, तर शेवटच्या सात आकड्यांच्या बेरजेला सातनं भाग जातो का. सगळे एक दाबले तरी गाडी पुढे जायची. ९८मध्ये पंचवीस अक्षरं आली, पण तपासणी मशिनच्या आतल्या आतच.

ऑक्टोबर २००१मध्ये एक्सपी आली आणि तीस दिवसांत ॲक्टिव्हेशन सक्तीचं झालं. आता की नुसती बरोबर असून भागेना, ती हार्डवेअरशी बांधली जाऊ लागली. रॅम बदला, हार्डडिस्क बदला, नेटवर्क कार्ड बदला, एका मर्यादेनंतर पुन्हा ॲक्टिव्हेट करा. नेट नसेल तर फोन. स्क्रीनवरचे पन्नास आकडे सांगायचे आणि पलीकडून येणारे बेचाळीस उतरवून घ्यायचे. आमच्या एका निवृत्त मास्तरांनी ते पाढे म्हणावेत तसे तालात म्हणत लिहिले, एकही आकडा चुकला नाही. अर्थात, असेंबल्ड मशिनवर पैसे मोजून विंडोज टाकणारे मास्तर विरळाच. मोठ्या कंपन्यांसाठीची एक फुटलेली की तेव्हा कितीतरी जणांना तोंडपाठ होती. २००२च्या पहिल्या सर्व्हिस पॅकनं ती अडवली, तेव्हा कुठे काही जणांना कळलं की आपली विंडोज आपली नव्हती.

खरी डोकेदुखी मात्र विकत घेणाऱ्यांची, अपग्रेडवाल्यांची. स्वस्त म्हणून अपग्रेडची डिस्क घ्यायची आणि आधी फॉरमॅट मारून मोकळं व्हायचं, ही आपली रीत. व्हिस्टाच्या अपग्रेड कीला ते चालेना, जुन्या विंडोजच्या आतून सुरुवात केली तरच ती स्वीकारायची. २००९मध्ये सेव्हन आली. ती कोऱ्या डिस्कवर इन्स्टॉल होऊ द्यायची आणि ॲक्टिव्हेशनच्या वेळी एफ०६१नं संपणारा एरर दाखवायची. त्यात स्वच्छ लिहिलेलं असायचं की ही की फक्त अपग्रेडसाठी आहे. पण एरर वाचतो कोण? गिऱ्हाईक म्हणायचं "की खोटी दिली", आणि आम्हीही माना डोलवायचो. की खरी असायची. होम प्रीमियमची की प्रोफेशनलच्या डिस्कला लावून ती अडली तरी गिऱ्हाईक तेच म्हणायचं. अपग्रेडच्या कीला सरळ इलाज एकच होता, जुनी विंडोज पुन्हा टाका आणि तिच्यावर सेव्हन चढवा. ही कामं मी रात्री लावून घरी जायचो.

२०१२मध्ये विंडोज ८ आली आणि नव्या लॅपटॉपवरचा कीचा स्टिकर गेला, की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये जाऊन बसली. माझ्या मते ही सगळ्यांत चांगली सुधारणा, पण तिचीही खोड होती. प्रो टाकायला बसावं तर इन्स्टॉलर चिपमधली की वाचून, काही न विचारता साधी विंडोज ८ टाकून मोकळा. आणि ८.१च्या डिस्कला ८ची की चालत नव्हती, हे तर मला आजही पटलेलं नाही.

२९ जुलै २०१५ला विंडोज १० आली, एक वर्ष फुकट. इथे उताविळांची पंचाईत झाली. आधी फॉरमॅट मारून सेव्हनची की टाकणाऱ्यांना ती दाद देईना. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या अपडेटनंतर जुन्या की थेट चालू लागल्या. अपग्रेड झालेल्यांना कीची गरजच उरली नव्हती, लायसन्स मशिनच्या नावावर कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलं जाई. तरी लोक कुठलंसं सॉफ्टवेअर चालवून की काढायचे आणि डायरीत जपून लिहायचे. ती एकाच एडिशनच्या सगळ्यांना सारखीच असे. दोन अनोळखी गिऱ्हाइकांच्या डायऱ्यांत तीच पंचवीस अक्षरं मी पाहिली आहेत.

२०१६पासून हे लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडता येतं, मदरबोर्ड बदलला तर तोच आधार. सेव्हन आणि ८च्या कीवर नवी विंडोज चालू करायची वाट सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाली. १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ११वर जाताना १०चं लायसन्स चालतं, आता अडतं ते टीपीएम चिप आणि प्रोसेसरपाशी.

तेव्हा मशिन दुकानात द्यायच्या आधी सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं पान उघडा, होम आहे की प्रो ते बघा आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि अकाउंटचा पासवर्ड आठवतोय का, ते फॉरमॅट मारायच्या आधी तपासा.