विषाला पुरून उरलेला मासा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अकुश्नेट नदी समुद्राला मिळते, तिथे न्यू बेडफर्ड हे बंदर आहे. या बंदराच्या वरच्या अंगाला, कारखान्याच्या सांडपाण्याजवळच्या काही जागी, गाळातील पीसीबी नावाच्या रसायनाचे प्रमाण दहा लाख भागांत एक लाखाहून अधिक भरले होते. म्हणजे गाळाच्या वजनाचा दहावा हिस्सा निव्वळ रसायन. या खाडीत बोटभर लांबीचा एक मासा मात्र पिढ्यानपिढ्या राहतो आणि अंडीही घालतो. शास्त्रज्ञ त्याला अटलांटिक किलीफिश म्हणतात, किनाऱ्यावरचे लोक ममिचॉग. चिवट रसायनांचा किनारी माशांवर काय परिणाम होतो हे समजून घ्यायला याच्याइतका चांगला गुरू नाही.

पीसीबीची, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल या रसायन-कुटुंबाची, माहिती थोडक्यात अशी. कुटुंबात २०९ भावंडे. १९२९ पासून अलाबामातील ॲनिस्टन येथे त्यांचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. १९३५ मध्ये तो धंदा मोन्सॅन्टो कंपनीकडे आला. हे तेल सहजी पेटत नाही, विटत नाही, वीज वाहू देत नाही, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर भरायला ते फार सोयीचे ठरले. १९६६ मध्ये सोरेन येन्सेन हा स्वीडिश रसायनज्ञ डीडीटी शोधत असताना त्याच्या आलेखावर अनोळखी शिखरे उमटली. ती पीसीबीची निघाली. पाइक मासे आणि समुद्री गरुडाच्या जोडीला त्याने घरच्यांच्या केसांचे नमुनेही तपासले, तर तान्ह्या मुलीच्या केसांतही तेच. अमेरिकेतील उत्पादन १९७७ मध्ये थांबले, १९७९ मध्ये बंदी आली. अशा चिवट रसायनांना आळा घालणारा २००१ चा स्टॉकहोम करार २००४ मध्ये अमलात आला, भारताने २००६ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०१६ च्या आदेशाने पीसीबीचा वापर संपवण्यासाठी २०२५ च्या अखेरची मुदत घातली. याच करारात डीडीटीही येते. रायगड जिल्ह्यातल्या रसायनी येथे हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात ते बनत असे.

न्यू बेडफर्डचा इतिहास तेलाचाच आहे. एकोणिसाव्या शतकात देवमाशाच्या तेलावर हे गाव गबर झाले. हर्मन मेल्व्हिल जानेवारी १८४१ मध्ये ज्या शिकारी जहाजावरून निघाला, त्याचे नाव या नदीचेच, ‘अकुश्नेट’. त्या अनुभवातून पुढे त्याची ‘मोबी डिक’ ही कादंबरी उभी राहिली. देवमाशांनंतर कापडगिरण्या आल्या, त्याही बसल्या आणि १९३८ मध्ये गिरणीच्या एका रिकाम्या इमारतीत एरोव्हॉक्स कंपनी कपॅसिटर बनवू लागली. पंखा अडखळला की आपल्याकडचा मिस्त्री जो ‘कंडेन्सर’ बदलतो, त्याच जातीची ही वस्तू. १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत एरोव्हॉक्स आणि कॉर्नेल-डुबिलियर या दोन कारखान्यांतून पीसीबी खाडीत जात राहिले. १९६६ मध्ये वादळाच्या लाटा अडवायला बंदराच्या तोंडाशी मोठा बांध बांधला गेला. बोटी सुरक्षित झाल्या खऱ्या, पण बंदरातले पाणी खेळते राहणे कमी झाले.

१९७९ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने बंदर आणि लगतच्या समुद्रात मासे, शेवंड आणि शिंपले धरण्यावर निर्बंध घातले. १९८३ मध्ये सुमारे १८,००० एकरांचा हा टापू सुपरफंड यादीत, म्हणजे देशातल्या सर्वांत बिघडलेल्या जागांच्या यादीत, गेला. १९९४-९५ मध्ये सर्वांत विषारी गाळ उपसण्यात आला. तो तिथेच भट्टीत जाळायचा बेत होता, पण धुरातून डायॉक्सिन हे विष घराघरांत येईल म्हणून गावकरी खवळले आणि सरकारला नमते घ्यावे लागले. गाळ काही वर्षे काठावरच पडून राहिला, शेवटी बाहेरगावी रवाना झाला. २०१२ मध्ये एरोव्हॉक्सच्या वारसदार कंपनीने ३६ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजायचे कबूल केले. एवढी हकिकत कोणत्याही सरकारी अहवालात मिळते. त्या अहवालांत किलीफिशच्या वाट्याला एखादी ओळ येते, आणि हा त्या माशावर अन्यायच आहे.

किलीफिशची बढाई मारावी तेवढी थोडी. गोड्या पाण्यात तो जगतो आणि समुद्राहून खारट डबक्यातही जगतो. पाण्यातला प्राणवायू संपत आला तर पृष्ठभागाशी येऊन भागवतो, थंडीत चिखलात रुतून बसतो. उन्हाळ्यात तो आपल्या ओढ्याचा तीस-चाळीस मीटरचा पट्टा सहसा सोडत नाही, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली या घरकोंबडेपणात आहे, कारण विषारी खाडीतल्या माशाच्या पिढ्या त्याच खाडीत वाढतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मादी भरतीच्या अगदी वरच्या रेषेवर, खाजणातल्या गवताच्या पानांत किंवा रिकाम्या शिंपल्यांत अंडी घालते. पाणी उतरले की अंडी उघडी पडतात आणि दमट हवेत वाढतात. पंधरवड्याने पुढचे उधाण येते, अंडी पाण्याखाली जातात आणि पिल्ले बाहेर पडतात.

अंतराळात गेलेला पहिला मासाही हाच. १९७३ मध्ये स्कायलॅबवर दोन किलीफिश आणि पन्नास अंडी प्लॅस्टिकच्या पिशवीत पाठवली गेली. वर-खाली कळेनासे झाल्यावर ते दोघे आधी गोल गोल कोलांट्या घेत राहिले, मग दिवा आहे ती बाजू वरची असे ठरवून सरळ पोहू लागले. अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले जवळजवळ पहिल्यापासूनच नीट पोहत होती. प्रदूषणाशी याचा संबंध नाही, पण या माशाविषयी लिहायचे आणि हे सांगायचे नाही, हे शक्य नाही.

ऱ्होड आयलंडमधील नॅरागॅन्सेट येथे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची प्रयोगशाळा आहे. तिथे डायान नाची आणि सहकाऱ्यांनी न्यू बेडफर्डचे किलीफिश आणून स्वच्छ पाण्यात वाढवले. किलीफिशचे अंडे पारदर्शक असते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली गर्भाचे हृदय धडधडताना स्पष्ट दिसते. स्वच्छ खाडीतल्या माशाच्या अंड्याला पीसीबी-१२६ या भावंडाची अगदी किरकोळ मात्रा दिली तरी चित्र बिघडते. नळीसारखे हृदय वळण घेऊन दोन कप्प्यांचे होण्याऐवजी ताणले जाऊन दोरीसारखे बारीक होते, त्याभोवतीची पिशवी पाण्याने फुगते, रक्त पुढे सरकेनासे होते. न्यू बेडफर्डच्या माशाच्या अंड्यात मात्र तीच मात्रा असूनही हृदय वेळच्या वेळी वळते. स्वच्छ पाण्यात जन्मलेल्या त्यांच्या पिल्लांत आणि त्या पिल्लांच्याही पिल्लांत हे बळ उतरले. सवयीने आलेली सहनशक्ती असती तर ती अशी वारशाने गेली नसती.

यामागे एक प्रथिन आहे, एएचआर. पेशीत ते एखाद्या कुलपासारखे असते आणि पीसीबी-१२६ किंवा डायॉक्सिन त्यात किल्लीसारखे नेमके बसते. कुलूप उघडले की अनेक जनुके एकदम कामाला लागतात. त्यांपैकी सीवायपी१ए हे जनुक परके रसायन मोडायला निघते, पण पीसीबी मोडता मोडत नाही. ही यंत्रणा भलत्या वेळी, भलत्या जोरात चालत राहते आणि गर्भाचे हृदय बिघडते. न्यू बेडफर्डच्या माशांत ही साखळी थंड पडलेली असते. विष तेवढेच आत येते, शरीर त्याची दखल घेत नाही, इतकेच.

२०१६ मध्ये नोआ रीड, अँड्र्यू व्हाइटहेड आणि सहकाऱ्यांनी सुमारे चारशे किलीफिशचे संपूर्ण जनुकसंच ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. न्यू बेडफर्ड, कनेटिकटमधील ब्रिजपोर्ट, न्यू जर्सीतील न्यूआर्क उपसागर आणि व्हर्जिनियातील एलिझाबेथ नदी या चार विषारी जागांचे मासे आणि त्यांच्या शेजारच्या स्वच्छ जागांचे मासे त्यात होते. काही ठिकाणची सहनशक्ती स्वच्छ पाण्यातल्या माशांच्या आठ हजार पटींपर्यंत गेली होती. चारही ठिकाणी बदल वेगवेगळे, पण बहुतेक एएचआरच्याच साखळीत झालेले. नवे जनुक घडवायला वेळच नव्हता. कारखाने येऊन जेमतेम काही दशके झाली होती. या जातीची संख्या प्रचंड असल्याने तिच्यात जनुकांची विविधता आधीच भरपूर होती. ज्यांच्याकडे योगायोगाने योग्य प्रकार होता ते उरले, बाकीच्यांची अंडी वाया गेली. उत्क्रांती एवढ्या थोड्या वर्षांत डोळ्यांदेखत घडताना दिसणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

हडसन नदीतल्या टॉमकॉड या माशाने हेच दुसऱ्या वाटेने साधले. जनरल इलेक्ट्रिकच्या हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्ड येथील कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात सुमारे १३ लाख पौंड पीसीबी नदीत गेले असावेत, असा सरकारी अंदाज आहे. आयझॅक विर्जिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की हडसनमधल्या ९९ टक्के टॉमकॉडच्या एएचआर२ जनुकातून सहा अक्षरे गळालेली आहेत. त्यामुळे प्रथिनात दोन अमिनो आम्ले कमी पडतात आणि विषाची पकड सुमारे पाचपट ढिली होते. हाच प्रकार शेजारच्या काही पाण्यांत तुरळक सापडतो. म्हणजे तो आधीपासून होता, हडसनमध्ये त्याला राज्य मिळाले.

या यशाला किंमत आहे. एलिझाबेथ नदीकाठी लाकडावर क्रिओसोट चढवण्याचे कारखाने होते, आणि तिथल्या गाळात डांबरजन्य रसायने ठासून भरली आहेत. तिथले किलीफिश गर्भावस्थेतून सहीसलामत सुटतात, पण १९९० मधल्या पाहणीत एका जागेवरच्या प्रौढ माशांपैकी सुमारे एक तृतीयांशांच्या यकृतात कर्करोग आढळला. त्यांची पिल्ले कमी प्राणवायूच्या पाण्यात इतर पिल्लांपेक्षा लवकर हार मानतात. शिवाय अशी सुटका ज्यांची संख्या अफाट आहे अशांनाच परवडते. वर्षानुवर्षे वाढून उशिरा वयात येणाऱ्या आणि संख्येने थोड्या असलेल्या माशांना एवढ्या पिढ्या आणि एवढी विविधता आणायची कुठून?

किलीफिश तगतो म्हणून विष थांबत नाही, उलट त्याला वाहन मिळते. अंगात पीसीबी भरलेला, तरीही टवटवीत असा किलीफिश पट्टेरी बास, ब्लूफिश आणि बगळ्यांचे रोजचे खाणे आहे. पीसीबी पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत साठतात, आणि प्रत्येक पायरीला त्यांची तीव्रता वाढते. मेलेला मासा कोणी खात नाही. जगलेला खातात.

माणसाची पाळी येते ती ताटात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माशातील पीसीबीची मर्यादा १९८४ मध्ये दहा लाख भागांत पाचवरून दोनवर आणली. ही मर्यादा बाजारात विकल्या जाणाऱ्या मासळीला लागू पडते. न्यू बेडफर्डच्या बोटी खोल समुद्रातून स्कॅलप हे शिंपले आणतात, त्याच्या जोरावर हे बंदर वर्षानुवर्षे उत्पन्नात देशात पहिले राहिले, आणि त्या मालाचा बंदरातल्या गाळाशी काही संबंध नाही. धोका आहे तो धक्क्यावर गळ टाकून संध्याकाळचे कालवण कमावणाऱ्याला. या गावात पोर्तुगीज, केप व्हर्डी आणि अलीकडे ग्वाटेमालातून आलेल्या कष्टकऱ्यांची मोठी वस्ती आहे, म्हणून काठावरच्या पाट्या इंग्रजीबरोबर पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्येही लावल्या आहेत. फुकट मिळणारी ताजी मासळी पाटी वाचून पाण्यात परत सोडणे सोपे नसते, हे पाटी लावणाऱ्यांनाही ठाऊक असावे.

खाणाऱ्यांसाठी स्वयंपाकघरातली माहिती अशी. पीसीबी चरबीत असल्याने त्वचा, पोटाकडची चरबी आणि बाजूच्या रेषेलगतचे काळपट मांस काढून टाकले तर बराच भार जातो. जाळीवर भाजून चरबी ठिबकू दिली तर आणखी कमी होतो. तीच चरबी रश्श्यात मुरली तर सगळा पोटात. शेवंडाच्या आतला हिरवट मऊ गर हे त्याचे यकृत असते. शौकीन तो आवडीने चाटतात आणि विष नेमके तिथे साठते. पाऱ्याच्या बाबतीत मात्र हे उपाय फोल आहेत, कारण मिथाइल-पारा चरबीत न राहता मांसात बसतो. दोन्ही विषांना एकच सल्ला लावणारी पत्रके अजूनही दिसतात, ती सरळ चुकीची आहेत.

माणसाच्या शरीरात पीसीबी अनेक वर्षे टिकतात आणि आईकडून नाळेतून, मग दुधातून बाळाकडे जातात. कॅनडातील एरिक देवाई यांना १९८० च्या दशकात तुलनेसाठी स्वच्छ आईचे दूध हवे होते. कारखान्यांपासून शेकडो मैल दूर, उत्तर क्वेबेकच्या इनुइट स्त्रियांचे नमुने त्यांनी घेतले. त्यांत पीसीबी दक्षिणेतल्या शहरी स्त्रियांच्या सुमारे पाचपट निघाले, कारण सील आणि देवमाशाची चरबी हे तिथले अन्न. मिशिगन सरोवरातले मासे खाणाऱ्या मातांच्या मुलांचा जोसेफ आणि सँड्रा जेकबसन यांनी जन्मापासून पाठपुरावा केला. १९९६ मध्ये २१२ मुलांच्या वयाच्या अकराव्या वर्षीच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, आणि गर्भात सर्वाधिक पीसीबी पोहोचलेल्या मुलांत बुद्ध्यंक कमी असण्याची शक्यता तिप्पट आढळली. न्यू बेडफर्ड परिसरात १९९३ ते १९९८ दरम्यान जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासातही नाळेच्या रक्तातील पीसीबी आणि शालेय वयातली लक्ष न लागण्याची लक्षणे यांचा संबंध दिसला. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीसीबींना माणसात निश्चित कर्करोगकारक ठरवले.

माणसाच्या एएचआरची पकड डायॉक्सिनसारख्या रसायनांवर कित्येक प्राण्यांच्या मानाने सैल आहे, हे खरे. पण किलीफिशने जे केले ते माणसाला करता येणार नाही. किलीफिशची पिढी वर्षा-दोन वर्षांत उलटते आणि निवड होते ती लाखो अंडी मरून.

हडसनमध्ये २००९ ते २०१५ दरम्यान गाळ उपसला गेला. न्यू बेडफर्डमध्ये पाण्याखालच्या गाळाचे मुख्य काम २०२० मध्ये संपले. त्यातला काही गाळ बंदराच्याच तळाशी खोल खड्डे खणून त्यांत भरला आणि वरून स्वच्छ वाळूने झाकला. बंदराच्या आतल्या भागात मासे आणि शिंपले न खाण्याचा सल्ला कायम आहे. किलीफिश मात्र उधाणाच्या रात्री गवतात अंडी घालतोच आहे, आणि गाळ स्वच्छ होत गेला की त्याच्यातली ती सहनशक्ती टिकते की पिढ्यांमागून पिढ्या ओसरते, यावर आता संशोधकांचे लक्ष आहे.