डोंगरगडची पदयात्रा : गुडघ्यांची परीक्षा उतरताना

रायपूर – चैत्र आणि आश्विन या दोन्ही नवरात्रांत छत्तीसगडमधील रायपूर, दुर्ग, भिलाई व राजनांदगाव येथून हजारो भाविक डोंगरगडच्या बमलेश्वरी देवीच्या दर्शनासाठी पायी निघतात. रायपूरच्या पंडरी भागातील कापड बाजारात दिवसभर गादीवर मांडी घालून बसणारे दुकानदार, गाठोडी वाहणारे हमाल, गृहिणी, निवृत्त कर्मचारी असे सर्व थरांतील लोक या वाटेवर दिसतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यात असतात. रायपूर ते डोंगरगड हे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. त्यामुळे अनेक जण राजनांदगावपर्यंत वाहनाने येऊन पुढचे ३५ ते ४० किलोमीटर चालतात. त्यानंतर टेकडीच्या हजाराहून अधिक पायऱ्या चढून बडी बमलेश्वरीचे दर्शन घेतले जाते. दर्शन झाले म्हणजे यात्रा पार पडली, असा बहुतेकांचा समज असतो. गुडघेदुखी असलेल्यांची खरी अडचण मात्र तेथून पुढे सुरू होते.

चढताना मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू आखडून शरीर वर उचलतात. उतरताना हेच स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. त्यांचे काम जणू गाडीच्या ब्रेकचे असते. एक पाय खालच्या पायरीकडे जात असतो तेव्हा वरच्या पायाचा गुडघा वाकत जातो आणि संपूर्ण शरीराचे वजन त्या वाकलेल्या गुडघ्यावर असते. या स्थितीत गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जाते. वाटीमागील कूर्चा झिजलेली असल्यास वेदना नेमकी येथेच उमटते. सपाट रस्त्यावर काहीही त्रास न होणारी व्यक्ती जिना उतरताना कळवळते, त्याचे कारण हेच होय.

बर्लिन येथील शारिते रुग्णालयाच्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यात मोजणी-यंत्रे बसविलेल्या रुग्णांच्या गुडघ्यांवरील भार प्रत्यक्ष मोजला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना ३.५ पट भार येतो. ६५ किलो वजनाच्या व्यक्तीच्या बाबतीत उतरतानाचा हा भार प्रत्येक पावलाला सव्वादोनशे किलोच्या घरात जातो. हजार पायऱ्या उतरताना प्रत्येक गुडघ्याला तो सुमारे ५०० वेळा सोसावा लागतो.

चढण आणि उतरण यांतील हा फरक आकड्यांत फार मोठा वाटत नाही. पण चढताना दम लागतो आणि माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, त्यामुळे थांबण्याची आठवण करून देणारे काहीच नसते. दिवसभराच्या चालीने मांडीचे स्नायू थकलेले असतात, मागून गर्दीचा रेटा असतो आणि पावले भराभर पडू लागतात. स्नायूंचा ब्रेक ढिला पडला की प्रत्येक पावलाचा हादरा सरळ सांध्यात उतरतो. चैत्रात आणखी एक भर पडते. अनेक भाविक पायऱ्या अनवाणीच उतरतात आणि दुपारच्या उन्हात दगड तापलेला असतो. पाय भाजू लागल्यावर सावकाश उतरण्याचा सल्ला कोणीही पाळू शकत नाही. गुडघेदुखी असलेल्यांनी म्हणूनच सकाळी ऊन चढण्यापूर्वी खाली पोहोचेल अशा बेताने निघावे.

डोंगरगडला रज्जुमार्गाची सोय आहे. सोबतची वडीलधारी माणसे पाळण्याने वर जातात आणि ‘उतरायला काय लागते’ असे म्हणून पायी खाली येतात, हे दृश्य नेहमीचे आहे. गुडघ्यांच्या दृष्टीने हा क्रम उलटा हवा. एकाच फेरीचे तिकीट काढायचे असेल तर ते उतरण्यासाठी काढावे. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना चढण अधिक जड जाते. पाळणा देखभालीसाठी बंद असू शकतो व नवरात्रात रांगही मोठी असते, तेव्हा चढण्यापूर्वीच चौकशी केलेली बरी. हाच विचार इतरत्रही लागू पडतो. गिरनारवर २०२० मध्ये रज्जुमार्ग सुरू झाला, पण तो अंबाजीपर्यंतच जातो. दत्तशिखराला जाणाऱ्यांना पुढच्या पायऱ्यांची चढउतार करावीच लागते.

पायीच उतरायचे असल्यास दुखरा पाय आधी खाली टाकावा, मग चांगला पाय त्याच पायरीवर आणावा. चढताना याच्या उलट, चांगला पाय आधी. लहान मुलांप्रमाणे एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरण्याचा अनेकांना संकोच वाटतो. पण यात भार रोखून धरण्याचे काम निरोगी पायाकडे जाते. एक हात कठड्यावर असावा. काठी एकच असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी आणि दुखऱ्या पायाबरोबरच खाली टेकवावी.

काठीचा उपयोग केवळ तोल सांभाळण्यापुरता नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रियातील संशोधनात, तीव्र उतारावर दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालल्यास गुडघ्यावरील भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी होत असल्याचे आढळले. उतारावर काठी नेहमीपेक्षा थोडी लांब लागते, कारण ती शरीराच्या खालच्या पातळीवर टेकवायची असते. खांद्याइतक्या उंचीची साधी बांबूची लाठी या कामी उत्तम. हवी तेथे पकड बदलता येते.

पायऱ्यांऐवजी पायवाट असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. मध्य प्रदेशातील पचमढीची नागद्वारी यात्रा नागपंचमीच्या सुमारास, ऐन पावसाळ्यात भरते आणि तिला विदर्भातील भाविक मोठ्या संख्येने जातात. सातपुड्याच्या या वाटेवर चिखल आणि सुटे दगड असतात. अशा ठिकाणी सरळ खाली न उतरता नागमोडी उतरावे, पाऊल लहान टाकावे, पूर्ण तळवा टेकवावा आणि गुडघा किंचित वाकलेला ठेवावा. भीतीपोटी मागे झुकणारे लोकच अधिक घसरतात.

तयारी यात्रेच्या निदान सहा ते आठ आठवडे आधी सुरू व्हावी. रायपूर हे सपाट मैदानावरील शहर असल्याने सरावासाठी डोंगर नाही, पण उंच इमारती आहेत. लिफ्टने वर जाऊन जिन्याने सावकाश उतरणे हा उत्तम सराव होय. आरंभ दोन मजल्यांपासून करावा. खुर्चीवरून हात न टेकता उठून पुन्हा तीन आकडे मोजत हळूहळू बसणे, हा व्यायाम घरात करता येतो. पहिल्या एक-दोन दिवसांनंतर मांड्या दुखतात, पण स्नायू लवकर सरावतात आणि पुढच्या उतरणीनंतर तितके दुखत नाहीत. वजन थोडे उतरले तरी लाभ मोठा असतो. २००५ मधील एका अमेरिकी अभ्यासानुसार वजनात एक किलो घट झाल्यास गुडघ्यावरील भार प्रत्येक पावलाला चार किलोने कमी होतो. गुडघा आधीच सुजत असेल तर मात्र व्यायामापूर्वी तो दाखवून घ्यावा. रायपूरचे जिल्हा रुग्णालय पंडरीतच आहे.

सर्वांत दुर्लक्षित धोका औषधांचा आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या अनेक यात्रेकरू खिशात घेऊनच निघतात. नवरात्राचा उपवास असतो, पोट रिकामे असते, घाम जाऊन शरीरातील पाणी कमी झालेले असते. अशा स्थितीत या गोळ्यांमुळे जठरात रक्तस्राव होण्याची व मूत्रपिंडांना इजा पोहोचण्याची शक्यता वाढते. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्या घेऊच नयेत. शिवाय गोळीने वेदना दबते आणि थांबण्याची सूचना मिळत नाही. गुडघ्यावरील पट्ट्याने थोडा आधार व धीर मिळतो. मात्र तो इतका घट्ट नसावा की पोटरी सुजेल.

उतरताना गुडघा अडकला, अचानक लुळा पडून दगा देऊ लागला किंवा काही तासांतच टम्म फुगला, तर पुढे चालू नये. ताज्या सुजेवर तेल लावून जोराने चोळणे टाळावे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे ठेवावा आणि पाय उंचावर घ्यावा. गुडघा लाल होऊन ताप आल्यास किंवा पायावर भारच देता येत नसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पायथ्याशीच छोटी बमलेश्वरीचे मंदिर आहे आणि तेथे पोहोचण्यास टेकडी चढावी लागत नाही. वर जाणे झेपणार नाही असे ज्यांना पायथ्याशी पोहोचल्यावर जाणवते, ते तेथे दर्शन घेऊन डोंगरगड स्थानकावरून रेल्वेने परततात. मुंबई-हावडा मार्गावरील या स्थानकातून रायपूर व गोंदिया अशा दोन्ही दिशांना गाड्या मिळतात.