सुईच्या टोकावरचं गाणं

जुना रेकॉर्ड प्लेअर असलेल्या घरात एक वाद हमखास रंगतो. एकजण म्हणतो, तबकडीचा गोडवा सीडीला नाही. दुसरा म्हणतो, त्या खरखरीत कसला आलाय गोडवा! दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

मोजमापाच्या कसोटीवर डिजिटल ध्वनी वरचढ आहे, हे आधी मान्य करू. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा असते आणि ती प्रकाशकिरणाने वाचली जाते. तबकडीच्या चरीत मात्र सुई प्रत्यक्ष घासत जाते. शिवाय एलपीच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चर सुईखालून सरकते, तर मध्याजवळ जेमतेम २१. म्हणून बाजूचं शेवटचं गाणं जरा धूसर वाटतं.

मग तरीही कधी कधी तबकडीच गोड का लागते? कारण जुनी गाणी डिजिटल रूपात पुन्हा काढताना पुष्कळदा आवाज सरसकट चढवला गेला. हळुवार आणि बुलंद यांतलं अंतर पुसलं गेलं. तो दोष सीडीचा नव्हे, तयार करणाऱ्या हातांचा.

पण तबकडीत जे आहे, ते तरी आपल्या कानांपर्यंत पूर्ण पोचतं का? त्यासाठी फार पैसा लागत नाही, थोडी निगा लागते.

प्लेअर पक्क्या, सपाट जागी ठेवा. स्पीकर त्याच टेबलावर नकोत. त्यांची थरथर सुईत शिरते आणि घूं घूं ऐकू येते. हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास चालते. झिजलेली सुई आवाज तर बिघडवतेच, पण चरही कायमची खरवडते. सुईचा दाब आजच्या बऱ्याच मॅग्नेटिक कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम लागतो; कंपनीने दिलेला आकडा पाळावा. दाब कमी ठेवला म्हणजे तबकडी वाचते, हा गैरसमज आहे. हलकी सुई चरीत उड्या मारते आणि भिंतींवर आपटते.

मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून माझी कसोटी अक्षरांची. गाण्यातले ‘स’, ‘श’, ‘च’ ऐका. ते फुटत असतील, थुंकी उडाल्यासारखे येत असतील, तर सुई झिजली आहे, मळली आहे किंवा तिरपी बसली आहे.

आणखी एक गोष्ट. एलपीवर खर्जाचे स्वर मुद्दाम दबवून आणि तीव्र स्वर चढवून कोरलेले असतात. ॲम्प्लिफायरचा ‘फोनो’ भाग हे पुन्हा सरळ करतो. प्लेअर दुसऱ्याच जागी जोडला, तर गाणं बारीक आणि किरकिरं येतं. लोक मात्र दोष तबकडीला देतात!

७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना सुईही वेगळी, एलपीच्या सुईच्या जवळजवळ चौपट जाड. त्या स्पिरिटने कधीही पुसू नयेत, लाख विरघळते. आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावू नका. त्याची जड पोलादी सुई एकाच फेरीत चर सोलून काढते.

एवढा खटाटोप कशासाठी? मोबाइलवर हजारो गाणी आहेतच. पण तीन-तीन मिनिटांत बसवलेले कितीतरी ख्याल, नाट्यपदं, कव्वाल्या अजून डिजिटल झालेल्या नाहीत. त्यातली एखादी तबकडी तुमच्याच माळ्यावर असेल. योग्य सुई लावून, मऊ ब्रशने धूळ काढून ती एकदा वाजवा आणि वाजतानाच संगणकावर उतरवून घ्या. मग तबकडी तिच्या पाकिटात उभी ठेवून द्या, उन्हापासून दूर. सीडी चांगली की तबकडी, हा वाद त्यानंतरही घालता येईल. गाणं मात्र तोवर शाबूत राहिलं पाहिजे.