गुरुत्वीय लहरींची दहा वर्षे

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टन इथल्या लायगो वेधशाळेत एक क्षीण थरथर नोंदली गेली. सात मिलिसेकंदांनी तीच थरथर तीन हजार किलोमीटरवरच्या हॅनफर्डमध्ये उमटली. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. एक सूर्याच्या ३६ पट वस्तुमानाचं, दुसरं २९ पट. त्यातलं तीन सूर्यांएवढं वस्तुमान गुरुत्वीय लहरींच्या रूपाने उधळलं गेलं. त्या लहरी इथवर आल्या तेव्हा वेधशाळेच्या चार किलोमीटरच्या बाहूंच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी लहान होता. आइन्स्टाइनने १९१६ मध्ये केलेलं भाकीत खरं ठरलं.

एवढा सूक्ष्म फरक यंत्रांच्या गोंगाटातून वेगळा काढायचा कसा? इथे पुण्याचं योगदान फार मोठं आहे. तिथल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याच्या गणिताला हात घातला होता. अपेक्षित लहरींचे नमुने आधी तयार करायचे आणि नोंदींशी एकेक ताडून पाहायचा, अशी ही रीत. लहरी हयातीत सापडतील की नाही याची खात्री नसताना केलेलं हे काम शाळेतल्या मुलांपर्यंत पोचलेलं नाही, याची मला खंत वाटते.

पहिला शोध मोठाच. पण या दहा वर्षांतला सर्वांत मोलाचा दिवस मी १७ ऑगस्ट २०१७ हा मानतो. त्या दिवशी नोंदली गेली ती दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर. लहरींपाठोपाठ १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा झोत टिपला. इटलीतली व्हर्गो वेधशाळा नुकतीच कामाला लागली होती, आणि तिच्या नोंदीत संकेत जवळजवळ नव्हताच. म्हणजे तिला ज्या दिशांचं फारसं जाणवत नाही, तिथूनच लहरी आल्या असणार! या न दिसण्यामुळेच आकाशातला शोधायचा टापू आक्रसला. सुमारे अकरा तासांनी चिलीतल्या दुर्बिणीला वासुकी तारकासमूहातल्या एका दीर्घिकेत नवा ठिपका दिसला. अंतर १३ कोटी प्रकाशवर्षं. आधी निळसर असलेला तो ठिपका काही दिवसांत तांबडा होत गेला, आणि अशा टकरींत जड मूलद्रव्यं घडतात याचा पुरावा त्या प्रकाशातून हाती आला. सोनं, प्लॅटिनम त्यांतलीच.

जून २०२३ मध्ये अतिशय संथ लहरींचे पुरावे मिळाले. त्यांचं एक आंदोलन पुरं व्हायला वर्षानुवर्षं लागतात. स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांतला बारीक फरक मोजून हे साधलं, आणि ते मोजणाऱ्यांत जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही होती. जानेवारी २०२५ मधल्या एका ठळक संकेताने हॉकिंग यांच्या १९७१ च्या सिद्धान्ताला बळ दिलं: कृष्णविवरं एकत्र आली तरी त्यांच्या पृष्ठभागाचं एकूण क्षेत्रफळ घटत नाही.

आता पाळी हिंगोली जिल्ह्याची. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियाला २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, २,६०० कोटी रुपयांची मान्यता मात्र एप्रिल २०२३ मध्ये. मधली सात वर्षं मला फार वाटतात. लहर कुठे आधी पोचली, कुठे नंतर, यावरून तिची दिशा ठरते. म्हणून अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या वेधशाळांपासून दूर, मराठवाड्यात एक वेधशाळा झाली, की शोधायचा टापू पुष्कळ लहान होईल. २०१७ मधल्या त्या अकरा तासांत निसटलेला टकरीचा सुरुवातीचा प्रकाश पुढच्या वेळी दुर्बिणींना गाठता येईल.