तारापूरचे पाणी आणि नळीतील थर

उन्हाळा सरत आला की वसतिगृहातील कूलर उतरवून स्वच्छ करण्याचे काम दरवर्षी मोठ्या वर्गातील मुलांकडे असते. मार्चमध्ये बसविलेल्या पिवळ्या गवताच्या ताट्या जूनपर्यंत पांढऱ्या, कडक आणि ठिसूळ झालेल्या असतात. टाकीच्या तळाशी बोट फिरविले तर हिरवट, बुळबुळीत लेप हाताला लागतो. पांढरा थर बोअरच्या पाण्यातील क्षारांचा, तर बुळबुळीत थर शेवाळ व जिवाणूंचा. “सर, पंखा तर तेवढ्याच जोराने फिरतो, मग वारा गार का लागत नाही?” हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. त्याचे उत्तर असे, की ज्या दोन गोष्टींनी एकमेकींना भिडायला हवे, त्यांच्यामध्ये थर आला आहे. हेच उत्तर पुढे नेले तर आपण थेट तारापूरच्या अणुवीज केंद्रापर्यंत जाऊन पोहोचतो. आम्ही विज्ञानाचे शिक्षक तो प्रवास या स्मरणिकेतून वाचकांना घडवू इच्छितो.

पाणी कशासाठी व किती?

पालघर जिल्ह्यात अरबी समुद्राच्या काठी वसलेले तारापूर हे भारतातील पहिले अणुवीज केंद्र. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. प्रत्येकी ५४० मेगावॅट क्षमतेच्या आणखी दोन २००५ व २००६ साली सुरू झाल्या. युरेनियमच्या विखंडनातून निघालेल्या उष्णतेने पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचे आणि त्यातून वीज मिळवायची, अशी ही व्यवस्था. काम संपलेली वाफ संघनकात, म्हणजे कंडेन्सरमध्ये जाते. तेथे हजारो बारीक नळ्यांमधून समुद्राचे पाणी वाहत असते. नळ्यांच्या बाहेरच्या अंगाला वाफ थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होते.

एकूण उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश भागाचीच वीज होते, उरलेली समुद्राला द्यावी लागते. म्हणजे ५४० मेगावॅट वीज देणारी एक अणुभट्टी साधारण १००० मेगावॅट उष्णता बाहेर टाकते. आता शाळेत शिकविलेले गणित मांडू. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास सुमारे ४२०० ज्यूल लागतात. समुद्रात परत जाणारे पाणी सात अंशांपेक्षा अधिक तापू द्यायचे नाही असे धरले, तर दर सेकंदाला सुमारे ३४ हजार लिटर पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची जी पहिली रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. त्या पाण्यासाठी अख्खे शहर डोळे लावून बसले होते. तेवढे पाणी या नळ्यांमधून पंधरा सेकंदांत निघून जाईल! ते खर्ची पडत नाही, कोमट होऊन समुद्रातच परत जाते. परंतु क्षणभरही थांबता कामा नये.

अणुभट्टी बंद केली तरी पाण्याची गरज संपत नाही. विखंडन थांबले तरी इंधनातील किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देत राहतात. बंद केल्याच्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या सहा ते सात टक्के असते व पुढे हळूहळू घटते. ही उष्णता वाहून नेण्याची सोय वेगळी असते, पण समुद्रकाठच्या केंद्रात तीही शेवटी समुद्रावरच विसंबते. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे त्सुनामीने समुद्राचे पाणी खेचणारे पंप आणि डिझेल जनित्रे निकामी केली. अणुभट्ट्या तोवर बंद झालेल्या होत्या, तरीही इंधन वितळले.

थर कोण धरतो?

समुद्राचे पाणी म्हणजे केवळ मीठ व पाणी नव्हे. त्यात गाळ, जिवाणू, सूक्ष्म शैवाल आणि शिंपल्यांच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या असतात. स्वच्छ नळी पाण्यात ठेवली की काही तासांत जिवाणू तिच्या पृष्ठभागावर चिकटतात व बुळबुळीत पदार्थ स्रवून आपले घर बांधतात. त्यात गाळ अडकतो. पुढे बार्नॅकल आणि शिणाणे येऊन बसतात. वाहते पाणी त्यांना प्राणवायू व अन्न आणून देते आणि बंद नळात भक्षकांची भीती नसते. तामिळनाडूतील कल्पाक्कम येथे समुद्रतळाखालच्या सुमारे अर्धा किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून पाणी घेतले जाते. त्या बोगद्यात हिरव्या शिणाण्यांनी अशीच वस्ती केली होती. स्वीडनमधील ऑस्करशाम येथे २०१३ साली जेलीफिशच्या लोंढ्याने पाण्याचा मार्ग अडविला आणि एक अणुभट्टी बंद करावी लागली.

शिंपल्यांचा ढीग डोळ्यांना दिसतो. बुळबुळीत थर मात्र दिसत नसतानाही नुकसान करतो. तो बहुतांशी पाण्याचाच असल्याने त्याची उष्णतावाहकता पाण्याएवढीच, म्हणजे टायटॅनियम धातूच्या सुमारे पस्तीसाव्या हिश्शाइतकी असते. म्हणून एक दशांश मिलिमीटरचा लेप हा साडेतीन मिलिमीटर जाड टायटॅनियमच्या भिंतीएवढा अडथळा करतो. आणि नळीची स्वतःची भिंत तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते! शिवाय थराखाली धातू गंजून छिद्र पडू शकते. संघनकात जवळजवळ निर्वात स्थिती असल्याने छिद्रातून समुद्राचे पाणी आत ओढले जाते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांच्या रचनेत संघनकातील पाणी परत थेट अणुभट्टीत जाते. अशा ठिकाणी थोडेसे मीठही पोलादाला घातक ठरते.

उपाय

पहिला पहारा जाळ्यांचा. मोठा कचरा गजांवर अडतो, लहान कचरा सतत फिरणाऱ्या जाळ्यांवर. पण अळ्या त्यातूनही जातात. म्हणून पाण्यात क्लोरीन सोडतात. अनेक केंद्रांत समुद्राच्या पाण्याचेच विद्युत अपघटन करून हायपोक्लोराइट जागेवर तयार करतात. येथे शिणाण्यांची हुशारी आड येते. क्लोरीनची चाहूल लागताच ते शिंपले मिटून घेतात आणि कित्येक दिवस तसेच राहू शकतात. अधूनमधून मोठा डोस दिला तर ते शिंपले मिटून वाट पाहतात. म्हणून लिटरमागे एक मिलिग्रॅमहून कमी इतके सौम्य क्लोरीन अखंड ठेवतात. बसलेल्यांना मारीत राहण्यापेक्षा अळ्यांना बसूच न देणे, हे त्यामागील धोरण. मात्रा वाढविली तर पाणी परतल्यावर बाहेरच्या मासळीला व कोळी बांधवांच्या उपजीविकेला झळ पोहोचेल, कमी केली तर नळ्या भरतील. यंत्र आणि समुद्र या दोघांनाही सोसेल अशी मात्रा शोधणे, हेच तेथील रसायनशास्त्रज्ञांचे व सागरी जीवशास्त्रज्ञांचे रोजचे काम.

याखेरीज नळ्यांतून स्पंजासारख्या रबराचे गोळे फिरवितात. ते नळीच्या व्यासापेक्षा किंचित मोठे असतात. पाण्याच्या दाबाने दबत, आतील भिंत पुसत ते पुढे सरकतात. पलीकडे जाळीत गोळा होऊन पुन्हा आत सोडले जातात. केंद्र चालू असतानाच ही सफाई होते. पाण्याचा वेग पुरेसा ठेवला तर अळ्यांना टेकायलाच उसंत मिळत नाही.

आपल्या अंगणातील गोष्ट

समुद्र दूर असला तरी हा प्रश्न मराठवाड्यालाही चुकलेला नाही. परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्रात इंधन कोळसा आहे, पण वाफ थंड करण्याची गरज तीच. तेथे पाणी मनोऱ्यांत थंड करून पुन:पुन्हा वापरतात. प्रत्येक फेरीत थोडे पाणी वाफ होऊन उडते, क्षार मात्र मागे राहतात. पाणी जसजसे खारावते, तसतसा तापलेल्या नळ्यांवर चुनखडीचा थर बसतो. तो टाळायचा तर खारावलेले पाणी सोडून ताजे घ्यावे लागते. अशा केंद्राची दुष्काळात कोंडी होते: पाणी सोडावे तर टंचाई, न सोडावे तर थर. २०१३ व २०१५ साली पाण्याअभावी परळीचे केंद्र बंदच ठेवावे लागले, हे पालकांना आठवत असेल.

यंदा कूलर उतरविताना ताटीवरील पांढऱ्या थराचा एक तुकडा बाजूला काढून ठेवावा, असे आम्ही मुलांना सांगणार आहोत. त्यावर लिंबाचा रस पिळला की बुडबुडे येतील, तो कर्बवायू. थर हळूहळू विरेल. उरलेल्या ताट्या मात्र हातानेच घासाव्या लागतील, आणि त्या घासल्यावर वारा पुन्हा गार लागेल.